गायरानातील खोल काळी माती: खड्डा खणण्यापासून वर्गनाम ठरवण्यापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात मातीविषयी बोलताना प्रत्येक जण रंगापासून सुरुवात करतो. गगनबावडा, राधानगरीकडची तांबडी, माळावरची मुरमाड आणि नदीकाठची काळी मळी, एवढे सांगितले की ऐकणाऱ्यालाही पुरेसे वाटते. (साखर कारखान्यातून निघणारी मळी निराळी, येथे नदीच्या गाळाने झालेली जमीन अभिप्रेत आहे.) पीक कोणते घ्यावे हे ठरवण्यापुरती ही विभागणी कामास येते. मात्र गायरानात कुरण सुधारायचे असेल, चर किंवा तळे खणायचे असेल, तर रंगावर विसंबून चालत नाही, कारण दोन काळ्या जमिनी पाण्याच्या बाबतीत एकमेकींच्या उलट वागू शकतात. कृषी पदवीचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि पाणलोटाच्या कामात नव्याने आलेले कार्यकर्ते यांना खोल चिकण माती जागेवर तपासता यावी आणि तिचे शास्त्रीय नाव स्वतः ठरवता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी ही माती अशी का वागते ते समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ करण्याची गरज राहत नाही. मातीतील ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना चिकणकण म्हणतात, आणि आपल्या काळ्या जमिनीतील चिकणकणांत स्मेक्टाइट या गटाचे खनिज प्रामुख्याने असते. या खनिजाचे पापुद्रे एकमेकांना सैलसर धरून असतात, त्यामुळे पाणी त्यांच्यामध्ये शिरते व माती फुगते, आणि पाणी निघून गेले की ती आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती व गवताचा पालापाचोळा त्या भेगांत पडतो, आणि पावसाळ्यात खालची माती फुगू लागली की तिला पसरायला जागा अपुरी पडते. मग एक थर दुसऱ्यावर तिरका घसरतो, आणि घासल्या गेलेल्या त्या पृष्ठांना लेप दिल्यासारखी चकाकी येते. या पृष्ठांना स्लिकनसाइड म्हणतात. आपण ज्या गटाचा शोध घेणार आहोत त्याचे, म्हणजे व्हर्टिसॉल गटाचे, नावही उलथणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेले आहे. वर्गीकरणात ही हालचालच निर्णायक ठरते आणि काळा रंग हा पुष्कळ खालच्या पायरीवरचा प्रश्न असतो, हे आरंभापासून लक्षात ठेवावे.

पहिली पायरी: जागा आणि वेळ

गावाने गायरानासाठी उत्तम जमीन सोडलेली असते असा समज करून घेऊ नये. बहुतेक गायराने माळावर आणि उतारावर असतात आणि तेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खोल माती शोधायची तर टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेषा चालत जावी: माथ्यावर उथळ व भरड, मध्यावर मध्यम, आणि पायथ्याच्या सखल पट्ट्यात, जेथे वरून वाहून आलेले बारीक कण साचले, तेथे खोल काळी माती असा क्रम आढळतो. शिरोळ व हातकणंगले तालुक्यांच्या सपाटीवर हा सखल पट्टा रुंद होत जातो. पश्चिमेकडे, उदाहरणार्थ पन्हाळ्यापुढच्या मसाई पठारावर, जांभ्याचे आच्छादन आहे. मुसळधार पावसाने तेथील क्षार व सिलिका धुऊन नेलेली असल्यामुळे न फुगणारे चिकणकण आणि लोहाचे संयुग शिल्लक राहिलेले असते. तेथे कितीही खोल खणले तरी या लेखातील माती सापडणार नाही.

गवत पाहून पहिला अंदाज बांधता येतो. मारवेल, मोशी आणि कुंदा ही गवते जड, ओल धरणाऱ्या जमिनीत फोफावतात, तर पवना आणि कुसळी यांचे राज्य असेल तर मुरूम जवळ आहे असे समजावे. अति चराई झालेल्या जागी मात्र ही खूण विश्वासाची राहत नाही, कारण जनावरे मारवेल आधी संपवतात आणि कुसळी तशीच उभी राहते.

एकाच जागेला दोन वेळा जावे लागते, आणि नवखे लोक नेमके हेच टाळतात. पहिली फेरी एप्रिल-मे महिन्यांत, भेगा मोजण्यासाठी. दुसरी पावसाळ्यानंतर, जमिनीला वाफसा आल्यावर, खड्डा खणण्यासाठी. मी पहिला खड्डा भर उन्हाळ्यात खणायला घेतला होता. दोन तासांत कुदळीचा दांडा मोडला आणि खोली गुडघ्याएवढीही झाली नव्हती. याउलट ओल जास्त असताना खणले तर माती खोऱ्याला चिकटून राहते आणि खोऱ्याच्याच घासण्याने भिंतीवर खोटी चकाकी येते, जी स्लिकनसाइड समजून पुढची सगळी नोंद चुकते.

उन्हाळ्यातील फेरीत भेगांची रुंदी पट्टीने आणि खोली सायकलच्या आऱ्याने किंवा छत्रीच्या काडीने मोजावी. काडी सरळ खाली जाते तेथवरचीच खोली कळते, भेग पुढे वळलेली असू शकते, म्हणून एका जागी निदान दहा भेगा मोजाव्यात. हात भेगेत घालू नये. उन्हाळ्यात विंचू आणि साप त्याच गारव्याला बसलेले असतात. मिळालेला आकडा ५ मिलिमीटर रुंदी या कसोटीशी ताडून पाहायचा असतो: जमिनीच्या वरच्या ५० सेंटिमीटरमध्ये, किमान २५ सेंटिमीटर जाडीच्या थरातून एवढ्या रुंदीच्या भेगा वर्षातून एकूण किती दिवस उघड्या राहतात, यावर उपवर्ग, म्हणजे सहाव्या पायरीत येणारा नावाचा एक भाग, ठरतो. हे दिवस स्वतः मोजणे शक्य नसते, म्हणून गुराख्याला विचारावे. कोणत्या महिन्यात वासराचा पाय भेगेत अडकण्याची भीती सुरू होते आणि कोणत्या पावसाने भेगा मिटतात, हे त्याला नेमके ठाऊक असते.

दुसरी पायरी: खड्डा

गायरान ही शासनाची जमीन असून तिची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते, तेव्हा लेखी संमतीशिवाय खणू नये आणि गट क्रमांक वहीत लिहून ठेवावा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा पुरेसा होतो. उन्हाची बाजू असलेली भिंत निरीक्षणासाठी सरळ ठेवावी, समोरच्या बाजूने पायऱ्या ठेवाव्यात, आणि काढलेली माती निरीक्षणाच्या भिंतीवर कधीही टाकू नये. वरची आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगात ठेवली की बुजवताना गोंधळ होत नाही. खोल काळ्या मातीची भिंत भेगेच्या रेषेवर अचानक निसटते, म्हणून खड्ड्यात एकट्याने उतरू नये, आणि रात्री खड्डा उघडा राहणार असेल तर काटेरी फांद्यांचे कुंपण करावे.

खड्ड्याची जागा निवडताना जमिनीचा लहानसा चढ-उतार पाहावा. हलणाऱ्या मातीच्या पृष्ठभागावर काही मीटर अंतराने उंचवटे आणि खळगे तयार होतात, ज्याला ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला गिल्गाय हा शब्द जगभर वापरला जातो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीने तो मोडून गेलेला आहे. जेथे कधीच नांगर लागलेला नाही अशा कुरणात तो शिल्लक असण्याची शक्यता असते, आणि असल्यास एक खड्डा उंचवट्यावर व एक खळग्यात घ्यावा, कारण दोन्हींतील चुन्याची खोली वेगळी येते.

तिसरी पायरी: भिंत वाचणे

सर्व पायऱ्यांत अधिक वेळ येथे द्यावा. कुदळीने घासली गेलेली भिंत तशीच पाहू नये. खुरप्याच्या टोकाने वरून खाली थोडी थोडी उचकटत यावे, म्हणजे माती स्वतःच्या नैसर्गिक सांध्यांवर फुटते. वरच्या वीतभर थरात गवताच्या मुळांनी बांधलेले, बाजरीच्या दाण्याएवढे कण दिसतील. त्याखाली टोकदार कोनांची ढेकळे लागतात. साधारण अर्ध्या मीटरच्या खाली ढेकळांचा आकार पाचरीसारखा होऊ लागतो. या पाचरींची लांब बाजू आडव्या पातळीशी १० ते ६० अंशांच्या कोनात कललेली आहे का ते साध्या कोनमापकाने पाहावे. तिरप्या पृष्ठांवर चकाकी आणि एकाच दिशेच्या बारीक रेघा असतील तर ती खरी स्लिकनसाइड होत. बोटाने चोळल्यावर खरी चकाकी टिकून राहते. पाचरी किंवा स्लिकनसाइड असलेला थर किमान २५ सेंटिमीटर जाड असावा आणि तो पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत सुरू व्हावा, ही व्हर्टिसॉलची मुख्य कसोटी आहे.

प्रत्येक थराची माती चिमूटभर पाण्याने मळून अंगठा व तर्जनी यांमधून पट्टीसारखी दाबत पुढे सरकवावी. तुटण्यापूर्वी पट्टी पाच सेंटिमीटर किंवा अधिक लांब झाली तर माती चिकण. अडीच ते पाच सेंटिमीटर झाली तर चिकण पोयट्याच्या आसपासची. ज्याने घरी गणपतीसाठी शाडू मळलेला आहे त्याच्या बोटांना हे लगेच कळते. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. फसफस झाली तर चुना आहे, आणि खाली जाऊ तसे चुनखडीचे पांढरे खडे वाढत असतील तर ते कोठे सुरू होतात ती खोली लिहावी. रंगासाठी मुन्सेल रंगपुस्तिका (मातीच्या रंगांचे क्रमांकित नमुने असलेली) वापरावी आणि माती ओली करून तसेच कोरडी असताना, दोन्ही वेळा रंग नोंदवावा. येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब, असे शेतकऱ्यांना अनेकदा सांगितले जाते. परंतु कर्ब एक टक्क्याहून कमी असलेली माती गडद काळी दिसू शकते, कारण थोडासाच ह्युमस चिकणकणांशी घट्ट बांधला जाऊन सर्व मातीला रंग देतो.

चौथी पायरी: तळ ओळखणे

माती कशावर बसली आहे, हे पाहिल्याशिवाय खड्डा पूर्ण झाला असे मानू नये. कोल्हापूरच्या मोठ्या भागात खाली दख्खनच्या लाव्हाचा बसाल्ट आहे. त्याच्या वरच्या भागाचा मुरूम झालेला असतो, कोठे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा ठिसूळ खडक लागतो, आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा, चिकणट बोलचा थर सापडतो. विहीर खणणारे लोक हा थर चांगला ओळखतात.

गाळाच्या खडकांच्या प्रदेशात चित्र वेगळे असते आणि ते माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण पाठ्यपुस्तकांतील पुष्कळ उदाहरणे तिकडची असतात. समुद्रतळाशी साचलेली चिकणमाती वरच्या भाराने दाबली जाऊन जो खडक होतो त्याला क्लेस्टोन म्हणतात आणि तो पापुद्र्यांनी फुटत असेल तर शेल. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील चराऊ कुरणांखाली क्रिटेशस काळातील पियर शेल आहे, आणि त्यावर बनलेली माती आपल्या काळ्या मातीसारखीच भेगाळते. तेथील चिकणकण खडकातूनच तयार स्थितीत आले, काही थर तर ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या बेन्टोनाइटचे आहेत. आपल्याकडे बसाल्टमधील खनिजे झिजून चिकणकण येथेच बनले. वाटा दोन, तरी वर्गीकरणात दोन्ही माती एकाच गटात येऊन बसतात. फरक पडतो तो तळाच्या वागण्यात. क्लेस्टोन कुदळीने उकरता येतो, म्हणून नवखा माणूस त्याला मातीच समजतो आणि खोली जास्त लिहितो.

यासाठी दोन तपासण्या कराव्यात. मुळांच्या वाटा पाहाव्यात: मुळे केवळ फटींतून जात असतील आणि त्या फटी सरासरी १० सेंटिमीटर किंवा अधिक अंतरावर असतील, तर मातीची खोली तेथे संपली. नंतर त्या तळाचा तुकडा पूर्ण वाळवून पाण्यात टाकावा. तो विरघळल्यासारखा सुटला तर तो केवळ दाबला गेलेला थर आहे, ज्याला डेन्सिक म्हणतात. न सुटता टिकला, पण कुदळीने खणता आला, तर तो पॅरालिथिक. आणि कुदळ उसळून परत आली तर लिथिक, म्हणजे अस्सल खडक. मुरमाच्या बाबतीतही हीच रीत वापरावी. भारतीय सर्वेक्षणात १०० ते १५० सेंटिमीटर मातीला खोल आणि त्यापुढे अति खोल म्हटले जाते.

पाचवी पायरी: घरी आणि प्रयोगशाळेत

मातीचे आकसणे मोजण्याची सोपी युक्ती अशी. माती चाळून, पाण्याने कालवून, बोथट तोंडाच्या सिरिंजमधून चकलीच्या सोऱ्यातून पाडतात तशी दहा सेंटिमीटरची सळी पाडावी आणि सावलीत दोन दिवस वाळवावी. ती नऊ सेंटिमीटर झाली तर आकसलेली लांबी १ आणि कोरडी लांबी ९, म्हणजे सुमारे ११ टक्के. ३ टक्क्यांखाली कमी, ३ ते ६ मध्यम, ६ ते ९ जास्त आणि ९ च्या पुढे अति जास्त असे मानतात. कालवलेल्या मातीचा आकडा अखंड ढेकळापेक्षा थोडा वरच येतो, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष काढावा.

दुसरी चाचणी बांधकामाच्या अभियंत्यांकडून उसनी घ्यावी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली वाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरपर्यंत भरावे आणि २४ तासांनी मातीची उंची वाचावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील फरकाला रॉकेलमधील आकारमानाने भागून शंभराने गुणले की फुगण्याची टक्केवारी मिळते; ५० च्या आत ती कमी आणि १०० च्या पुढे जास्त समजतात. गायरानात तळे, बंधारा किंवा गोठा बांधायचा असेल तर हा आकडा वर्गनामापेक्षाही आधी हातात असावा.

शिरोळकडे काम करणाऱ्यांनी आणखी एक तपासणी टाळू नये. वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा पावसाच्या स्वच्छ पाण्यात न ढवळता ठेवावा. त्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर मातीत सोडियम वाढलेले आहे, म्हणजे ती चोपण होऊ लागली आहे. सामू ८.५ च्या पुढे असेल तर ही शंका बळावते. खडा नुसता फुटून पडला, पण पाणी निवळ राहिले, तर एवढी चिंता नाही.

प्रयोगशाळेत नमुना देताना काय हवे ते स्पष्ट लिहून द्यावे लागते. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी होणाऱ्या बारा घटकांच्या तपासणीत सामू, क्षारता, कर्ब आणि अन्नद्रव्ये येतात. वर्गीकरणाला लागणारे चिकणकणांचे प्रमाण, विनिमयक्षम सोडियम (चिकणकणांना चिकटलेले, अदलाबदल होऊ शकणारे सोडियम) आणि चुन्याचे प्रमाण त्यात नसते. हे तिन्ही प्रत्येक थरासाठी वेगळे मागावेत. कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे धनभारित कण धरून ठेवण्याची मातीची ताकद, हीही मिळाली तर उत्तम. किलोला ४० ते ६० सेंटिमोलच्या आसपासचा आकडा स्मेक्टाइटकडे बोट दाखवतो.

सहावी पायरी: नाव ठरवणे

आपल्याकडे अमेरिकेच्या कृषी खात्याची मृदा वर्गीकरण पद्धत वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती १९७५ मध्ये व दुसरी १९९९ मध्ये निघाली, आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे अहवाल याच भाषेत असतात. ही नावे पाहून दचकू नये. तत्पुरुष समासात शेवटचे पद प्रधान असते तसेच येथेही आहे, म्हणून नाव उजवीकडून उलगडत यावे.

समजा, भिंतीत पाचरी व स्लिकनसाइडचा पुरेसा जाड थर आहे, ५० सेंटिमीटरपर्यंतच्या सर्व थरांत ३० टक्क्यांहून अधिक चिकणकण आहेत, तेवढ्या खोलीत खडक नाही आणि भेगा दरवर्षी उघडतात व मिटतात. तर वर्ग व्हर्टिसॉल, आणि नावाच्या शेवटी ‘अर्ट’ येईल. भेगा वर्षात ९० दिवस किंवा अधिक उघड्या राहत असतील, जे आपल्या पूर्व भागातील न भिजवलेल्या कुरणात अपेक्षित आहे, तर भाजलेला या अर्थाचा ‘उस्ट’ जोडून उस्टर्ट. १०० सेंटिमीटरच्या आत चुना साचून झालेला खरा कॅल्सिक थर असेल तर कॅल्सिउस्टर्ट. क्षार, जिप्सम, आम्लता किंवा चुना यांपैकी कशाचीच विशेष खूण नसेल तर साधा या अर्थाचा हॅपलुस्टर्ट. चार-दोन चुनखडीचे खडे दिसले म्हणून कॅल्सिउस्टर्ट लिहू नये. थर निदान १५ सेंटिमीटर जाड आणि चुन्याचे प्रमाण साधारण १५ टक्के किंवा अधिक लागते.

यानंतर उपगट येतो आणि रंगाला पहिल्यांदा येथे विचारले जाते. वरच्या ३० सेंटिमीटरमधील माती बरीच फिकट किंवा तपकिरी असेल तर क्रोमिक, १०० सेंटिमीटरच्या आत मुरूम वा खडक लागला तर लेप्टिक, विनिमयक्षम सोडियम १५ टक्के किंवा अधिक असेल तर सोडिक, आणि असे काहीच नसेल तर टिपिक. जुन्या अहवालांत क्रोमुस्टर्ट व पेलुस्टर्ट ही नावे भेटतील. तेव्हा रंगाला वरच्या पायरीवर स्थान होते, ते पुढे काढून टाकण्यात आले. मला हा बदल योग्य वाटतो, कारण रंग थोडा फिका असला तरी जमीन तितकीच भेगाळते.

शेवटी कुटुंबाची विशेषणे लावावीत. व्हर्टिसॉलमध्ये ३० ते ६० टक्के चिकणकण असतील तर फाइन आणि ६० च्या पुढे व्हेरी फाइन, खनिजासाठी स्मेक्टिटिक, तापमानासाठी, ५० सेंटिमीटर खोलीवरील मातीचे वार्षिक सरासरी तापमान २२ अंशांहून अधिक आणि उन्हाळी-हिवाळी फरक ६ अंशांहून कमी असल्यास आयसोहायपरथर्मिक. अशा रीतीने ‘फाइन, स्मेक्टिटिक, आयसोहायपरथर्मिक टिपिक हॅपलुस्टर्ट’ हे पूर्ण नाव तयार होते. भेगा आहेत पण स्लिकनसाइडचा थर पुरेसा जाड नाही, अशी माती गायरानात वारंवार भेटते. ती ओढूनताणून व्हर्टिसॉलमध्ये बसवू नये, तिला व्हर्टिक हॅपलुस्टेप्ट, म्हणजे व्हर्टिसॉलची छटा असलेली पण निराळ्या वर्गातील माती, म्हणावे.

सातवी पायरी: नोंद आणि खड्डा बुजवणे

वहीत तारीख, गट क्रमांक, उतार, गवते, प्रत्येक थराची खोली आणि रंग, चुना सुरू होण्याची खोली, तळाचा प्रकार आणि गुराख्याने सांगितलेले भेगांचे महिने लिहावेत. प्रत्येक थराचा किलोभर नमुना कापडी पिशवीत भरून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे ठेवावी. शाई ओलीने पसरते. नंतर खालची माती आधी आणि गवताच्या मुळांची वरची माती शेवटी, या क्रमाने बुट्टी-बुट्टीने थर टाकत पायाने दाबत खड्डा बुजवावा आणि वर वीतभर उंच ढीग सोडावा. पहिल्या मोठ्या पावसात तो हमखास खचतो, आणि त्या ओल्या खळग्यात म्हैस रुतते, म्हणून जूनच्या शेवटी एकदा जाऊन तेथे आणखी दोन बुट्ट्या माती टाकून यावे.